सत्त्याहत्तरावर बसलेला काटा

जरा कल्पना करून बघा. उंच इमारतीच्या गच्चीवरून दोराने सोडलेल्या फळीवर तुम्ही बसला आहात. पाय अधांतरी, बाजूला पाण्याची बादली, हातात रबरी पट्टी आणि समोर भली मोठी काच. डोळे मिटले ना? भिंगरीच्या आईने कधी मिटले नाहीत. काचा धुणं हेच तिचं काम होतं, आणि दिवस संपून खाली उतरायची वेळ आली की तिचं तोंड एवढंसं व्हायचं.

नवव्या मजल्यावरून कधी न पडलेली ही बाई एकदा घराच्या पायरीवरून घसरली आणि पाय मोडून बसली. सहा महिन्यांत बसून बसून अंगाने चांगली भरली. पाय बरा झाला, पण फळी पेलणार शंभर किलो. त्यातले पंचवीस जायचे बादली, पाणी, कमरेचे पट्टे आणि कड्यांत. माणसाला उरले पंचाहत्तर, आणि आई होती शहाऐंशी.

पहिले नऊ किलो भराभर उतरले. मग काटा सत्त्याहत्तरावर जो बसला तो बसलाच. भिंगरी दर सोमवारी कॅलेंडरवर आकडा लिहायची. पाच सोमवार तोच आकडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवटचे असेच रेंगाळतात. उपाशी राहू नका, चालणं वाढवा." पण मुकादमाने शुक्रवारची मुदत घातली होती. तोवर पंचाहत्तर झालं नाही, तर तळमजल्याची दारं पुसणं कायमचं गळ्यात.

रविवारी मावशी आली.

"ताई, नऊ गेले ना? आता त्या दोनांवर पाणी सोड. बादली अर्धीच भरून ने."

"आणि उरलेली अर्धी काच तू येऊन पुसणार?"

"मग गुरुवारपासून पाणी पिऊ नको. शुक्रवारी वजन दिलंस की हवं तेवढं पी."

"मुकादम फसेल गं," आई म्हणाली. "दोराला कसं फसवू?"

भिंगरी टेबलाखाली बसून सगळं ऐकत होती. आई मावशीला पोचवायला गेली, तेव्हा तिने वजनकाटा उलटा केला, खालचं चाक फिरवलं आणि काटा शून्याच्या दोन घरं मागे आणून ठेवला. काटा शून्यावर नाही हे दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला.

सोमवारी सकाळी आईने पाय उचलला आणि भिंगरीने टॉवेल ओढला. पंचाहत्तर! भिंगरीने लगेच कॅलेंडरवर लिहूनही टाकलं. आई उतरते न उतरते तोच टॉवेल काट्यावर परत.

आई त्या टॉवेलकडे बघत राहिली. मग तिने बादलीत मापाने दहा लिटर पाणी भरलं. नवा दोर आला की ओळखीचं वजन टांगून बघायचं, मगच त्याच्यावर भरवसा ठेवायचा, ही तिची कामावरची सवय. दहा किलो पाणी, एक किलोची बादली. काट्याने दाखवले नऊ.

"या गाठीला हात कुणी लावला?" आईने विचारलं.

दोरावरच्या माणसांत एक नियम असतो. दुसऱ्याच्या गाठीला हात लागला तर तिथल्या तिथे सांगायचं. रागावणं मागाहून. भिंगरीला तो ठाऊक होता.

"मी लावला. तू परत वर जावीस म्हणून."

"जाणार आहे. पण माझे दोन किलो मीच उतरवणार. चल, चप्पल घाल."

शाळेच्या वाटेवर दोघी आईच्या कामाच्या इमारतीत जाऊन मुकादमासमोर उभ्या राहिल्या.

"सत्त्याहत्तर आहे," आई म्हणाली. "शुक्रवारपर्यंत पंचाहत्तर होणार नाही."

"मग तळमजला घ्या, बाई. सुखाचं काम आहे."

"तळमजला घेणार नाही आणि पंचाहत्तर झाल्याशिवाय दोरालाही हात लावणार नाही. तोवर दोरावरच्या लोकांचं सामान गच्चीवर मी पोचवते. बारा मजले, जिन्याने."

"अहो, लिफ्ट आहे की!"

"लिफ्टचं वजन नाही उतरवायचं मला."

मुकादमाने डोकं खाजवलं. "महिना देतो. पुढे तुम्ही आणि तुमचा हट्ट."

"महिना पुरे," आई म्हणाली आणि सामानाची पिशवी उचलून जिन्याकडे वळलीसुद्धा.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर भिंगरीने वजनकाट्याचं चाक उलटं फिरवलं. बादली भरून ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. बरोबर अकरा दिसेपर्यंत तिने पिच्छा सोडला नाही. मग कॅलेंडरवरचं पंचाहत्तर खोडलं आणि शेजारी जाड रंगखडूने सत्त्याहत्तर लिहिलं, मावशीला दारातूनही वाचता यावं एवढं मोठं. आणि चपला घालून ती आईच्या इमारतीत गेली आणि पुढची फेरी बरोबर चढायला जिन्याच्या पहिल्या पायरीवर आईची वाट बघत उभी राहिली.