हंबीररावांचं फिरणं

"कुणाची?" बनाबाईनं विचारलं.

डोक्यावरची घागर तिनं कधी टाकली हे तिलाही कळलं नसावं. पाणी बांधावरून वाहत होतं आणि ती हंबीररावांच्या खाकी कोटाच्या खिशाकडं टक लावून उभी होती.

"कुणाचीबी तार न्हाई. फिराय आलोय."

"फिराय?"

"व्हय. व्यायाम म्हणून. डाक्टरनं सांगिटलंय."

बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिचा थोरला पलटणीत होता. भीती ओसरली तसा तिला राग आला. "व्यायामच करायचाय तर या की, मोट हाना. सकाळच्या पारी लोकांची काळजं कशापायी काढताय?"

हंबीररावांनी पडलेली घागर उचलून तिच्या हातात दिली आणि ते माघारी वळले. व्यायामाचा तो पहिला दिवस. जेमतेम अर्धा मैल झाला होता.

हंबीरराव इस्लामपूरच्या टपाल कचेरीत पोस्टमन. नाव सरसेनापतीचं आणि खांद्याला पिशवी, अशी चेष्टा त्यांनी वीस वर्षं ऐकली होती. ती वीस वर्षं सहा वाड्या पायी तुडवण्यात गेली, आणि तेव्हा अंग कसं शेवग्याच्या शेंगेसारखं होतं. मग लढाई पेटली. घरटी एक पोरगा पलटणीत गेला आणि मागोमाग पोरं पडल्याच्या तारा येऊ लागल्या. पोस्टमास्तर कचेरीत तारेचा मजकूर समजावून सांगत. तो नेऊन घरच्यांना सांगायचं काम पोस्टमनचं. गुंडा नावाचा नवा पोस्टमन पहिल्याच तारेला त्या घरच्यांच्या आधी स्वतः उंबऱ्यावर रडत बसला. तेव्हा मास्तरांनी वाटणी केली. पत्रं आणि मनिऑर्डरी गुंडानं सायकलवरून न्यायच्या. हंबीररावांनी आत बसून शिक्के मारायचे, आणि तार आली की तेवढं बाहेर पडायचं.

"तुमचं मन घट्ट आहे," मास्तर म्हणाले होते.

घट्ट कसलं! पहिल्या चार-पाच तारांना जेवण गेलं नाही, पुढं पुढं काहीच होईना. अंगणात जायचं, चपला काढायच्या, घरातल्या थोरल्या माणसाला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. बायका हंबरडा फोडत आणि हंबीरराव भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांकडं बघत उभे राहत. आपल्याला वाईट वाटत नाही याचंही त्यांना वाईट वाटत नसे. लागायची ती फक्त भूक. परत येताना ते चावडीजवळच्या हॉटेलात बसून भज्यांच्या दोन-दोन ताटल्या संपवत आणि घरी येऊन वर तीन भाकरी खात. रेशनच्या दिवसांत गावाची हाडं वर आली आणि हंबीररावांचं पोट. शेवटी एक दिवस कचेरीच्या चार पायऱ्या चढताना त्यांचा श्वास कोंडला आणि ते तिसरीवरच बसले.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळी गळ्यात टाकून स्पष्ट सांगितलं, "असंच चाललं तर पुढची दिवाळी बघाल असं मी सांगू शकत नाही. वजन उतरवा. रोज पहाटे चाला."

"वीस वर्सं चाललो की सायेब."

"ते कामासाठी. आता स्वतःसाठी चाला. आज अर्धा मैल, पुढच्या आठवड्यात एक. एकदम जोर करायचा नाही आणि एक दिवस चुकवायचाही नाही."

सल्ला सोन्यासारखा होता. पण हंबीरराव कचेरीबाहेर पडले म्हणजे तार, हे आता वाड्यावाड्यांतली शेंबडी पोरंही जाणत होती. बनाबाईच्या प्रसंगानंतर त्यांनी खाकी कोट खुंटीला टांगला आणि धोतर-बंडीवर निघाले. लोकांनी चाल ओळखली. मग रंगूबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, युक्ती काढली. पहाटे हातात तांब्या असलेल्या माणसाला कुठं निघालात म्हणून कुणी विचारत नाही. हंबीरराव तांब्या घेऊन निघाले आणि गावाबाहेर मैलभर गेले, तेव्हा ती युक्तीही उताणी पडली. एवढ्या लांब तांब्या घेऊन कोण जातो? टपालवाल्यानं तांब्यात घालून तार आणली, अशी आवई दुपारपर्यंत दोन वाड्यांत पोचली. एका म्हातारीनं तर चूल पेटवली नाही.

मग ते घराच्या परसात गोल फिरू लागले. तिसऱ्या दिवशी भोवळ आली.

"घान्याला जुपल्यावानी दिसताय," रंगूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आवं, एकबी वाट न्हाई का तुमास्नी?"

एक होती. ओढ्याकडेनं खाली गेलं की दोन मैल घर लागत नव्हतं. लागायचं ते एकदम चंद्राबाईचं. नवरा कधीच गेलेला, थोरला जोतिबा दोन वर्षांमागं आफ्रिकेत पडला. तार अर्थातच हंबीररावांनीच नेली होती. धाकटा नाथाजी शेती बघत होता.

चंद्राबाई अंगणात सुपातली ज्वारी पाखडत होती. हंबीरराव ओढा चढून वर आले तरी तिचं सूप थांबलं नाही.

"बसा आण्णा. दमलायसा."

"फिराय आलोय," हंबीरराव घाईनं म्हणाले.

"कशापायी का येईनासा. माज्याकडं आणण्याजोगं आता तुमच्यापाशी काय न्हाई."

तिनं ताक दिलं. म्हशीला गोचीड लय झालेत, असं ती म्हणाली. तंबाखूचं पाणी लावा, असं ते म्हणाले. एवढंच बोलणं झालं. पण कितीतरी दिवसांनी त्यांना बघून कुणाच्या हातातलं काम थांबलं नव्हतं. परतताना आपल्याला भूक लागली नाही, हे त्यांच्या घरी पोचल्यावर ध्यानात आलं.

मग ते रोज जाऊ लागले. आधी ओढ्यात दोनदा बसावं लागे, मग एकदा, मग बसावंच लागेना. महिन्या-दोन महिन्यांत कोटाचं मधलं बटण लागू लागलं.

एकदा पाखडता पाखडता चंद्राबाई म्हणाली, "आण्णा, तुमी सांगिटलं तवा मला नुसतं तुमचं तोंड हलताना दिसलं बगा. काय लिवलं हुतं?"

हंबीररावांना अक्षर न् अक्षर पाठ होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. जोतिबाच्या नावाशी आले आणि थांबले. कितीतरी अंगणांत जो आवाज कधी कापला नव्हता, तो फुटेना. ते खाली मान घालून रडले. चंद्राबाईनं सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कळलं मला."

त्या दिवशी त्यांना फार हलकं वाटलं. डॉक्टरांच्या काट्यावरचं हलकं नव्हे, वेगळं.

चैत्र सरत आला होता. कचेरीत एका आजारी माणसाच्या बदली दोन दिवस पहाटेपासून बसावं लागलं, म्हणून हंबीरराव तिसऱ्या दिवशी ओढ्याकडेनं आले. चंद्राबाईनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. सूप पडलं. ज्वारी अंगणभर झाली.

"तितंच थांबा!" ती ओरडली.

हंबीरराव ओढ्याच्या काठाशी थांबले. "काय झालं, चंद्राबाई?"

"नाथाजी गेला. परवा बेळगावला जाऊन भरती झाला. भावाच्याच पलटणीत जायाचं म्हणला. लय आडवी आले, पर ऐकलं न्हाई."

"आवं, मी फिराय आलोय."

"ठावं हाय मला, तुमी फिराय येताय." तिनं दाराची चौकट धरली होती. "पर पाय लटपटत्यात माजं. त्यास्नी कोन सांगनार?"

दोन दिवसांची भरती, पोरगा अजून परेडही शिकला नसेल, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. हंबीररावांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले. पंजे पसरले. एकदा रिकामे तळवे दाखवले, एकदा पंजांच्या पाठी दाखवल्या, आणि तसेच उभे राहिले.

चंद्राबाईनं दोन्ही हात निरखून पाहिले. मग ती हळूच खाली बसली आणि ज्वारी गोळा करू लागली. या, बसा, असं ती म्हणाली नाही. हंबीरराव वळले आणि घरी आले. त्या सकाळी त्यांनी पाच भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी जावं की न जावं या विचारात ते घरीच राहिले. दुपारी गुंडा त्या अंगाची पत्रं वाटून आला आणि म्हणाला, "दाजी, ती चंद्राबाई दारात हुबी हाय. सकाळधरनं बसलीच न्हाई म्हनं."

त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. ताप असला तरी, सणवार असला तरी, उजाडता उजाडता ते ओढ्याच्या काठाशी पोचत. चंद्राबाई दारात उभी असे. ते दोन्ही हात वर करत, तळवे दाखवत, पाठी दाखवत. ती खाली बसली की मगच ते माघारी वळत.