साध्या पाण्याचे घंगाळ

मित्रांनो, मी एक जुने, बुडाला पोचा आलेले तांब्याचे घंगाळ आहे. त्या पोच्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

नॉर्मंडीतल्या एका तांबटाने मला घडवले आणि चांदीचा मुलामा चढवून वर्सायच्या राजवाड्यात धाडले. राजाने हात लावला की गंडमाळा, म्हणजे मानेवरच्या गाठींचा रोग, बरा होतो, असे तेव्हा सारा देश मानत असे. सणाच्या दिवशी रोग्यांची रांग लागे. शेवटी राजाचे हात तीनदा धुतले जात: आधी आंबट सिरक्याने, मग साध्या पाण्याने, मग संत्र्याच्या फुलांच्या पाण्याने. मी मधल्या पाण्याचे घंगाळ. स्पर्शाने किती रोगी बरे झाले, हे मला सांगता येणार नाही. बरे न झालेल्यांची नोंद कोणी ठेवत नव्हते.

एका ईस्टरला ब्रिटनीहून जाकेट नावाची विधवा आली. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, पेरिनच्या मानेवरील गाठी फुटून वाहत होत्या. राजाने मुलीच्या गालांवरून बोटे फिरवली आणि ठरलेले वाक्य उच्चारले, "राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरे करो." मग तो पुढे सरकला.

"करो?" जाकेट जागीच थबकली. "अहो, माझ्या आजीच्या वेळी 'बरे करतो' म्हणायचे! अकरा दिवस तंगडतोड केली ती 'करो' ऐकायला? तेवढं तर आमचे पाद्रीबाबाही म्हणतात!"

"बाई, हळू बोला," माझा राखणदार, म्हातारा आन्सेल्म कुजबुजला. "शब्द बदललाय आता."

"मग बोलवा राजाला मागे! एक अक्षर तर वाढवायचंय."

शिपाई पुढे आला. राजाच्या वाक्यात दुरुस्ती सुचवणाऱ्याची जागा तुरुंगात होती, आणि आई तुरुंगात गेली तर पेरिनला पाहणार कोण? जाकेट घाबरून मागे सरली. तिचे कोपर लागून मी फरशीवर आदळले.

"झालं!" आन्सेल्म ओरडला. "पोचा आला! राजाला असलं भांडं चालायचं नाही. रीतीप्रमाणे टाकाऊ वस्तू सेवकाची, म्हणजे हे माझं. शिपाईदादा, हे वाहून न्यायला ही बाई मी घेऊन जातो."

"न्या बाबा, तेवढीच शांतता," शिपाई हसत म्हणाला.

मागच्या अंगणात आन्सेल्मने मला जाकेटच्या हाती दिले. "रोज पाणी उकळा, निवलं की मान धुवा. फडकं धुतलेलंच घ्या."

"त्यानं बरी होईल?"

"माहीत नाही. मी आधी तबेल्यात होतो. घाण राहिलेल्या जखमा चिघळतात, एवढं पाहिलंय."

जाकेटने चौदा महिने एकही दिवस चुकवला नाही. जखमा सुकल्या. मग बरे झालेल्यांची नोंद घ्यायला सरकारी कारकून गावी आला आणि पेरिनची मान पाहून म्हणाला, "राजस्पर्शाने बरी झाली, असं लिहितो."

"आणि चौदा महिने मी काय माशा मारत होते?"

"बाई, कागदावर एकच ओळ आहे. तिच्यात राजा मावतो, तुम्ही नाही."

गंडमाळा क्वचित आपोआपही बरी होते. म्हणून श्रेय मी स्वतःकडेही घेत नाही. पेरिन जगली, एवढे नक्की. पुढे गावात कोणाला खरचटले की ती मलाच चुलीवर चढवी. मुलामा केव्हाच झिजला. जाकेट, आन्सेल्म आणि पेरिन या तिघांमुळे मी कामाला आले, त्यांचे मी आजन्म ऋणी आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात मांडू नका. माझ्यात पाणी तापवा, आणि कोणाची तरी जखम धुवा.