कोपऱ्यातली फट

माझं फ्रेमचं दुकान आहे. लोक आपली मेलेली माणसं माझ्याकडे घेऊन येतात, डोळे पुसत सोनेरी पट्टी निवडतात आणि "जरा भारीतली दाखवा" म्हणतात. जिवंतपणी ज्या बापाच्या चष्म्याची फुटकी काच कुणी बदलून दिली नाही, त्याच्या फोटोला मात्र चमक न मारणारी काच लागते. पहिला आठवडा रोज पुसतात. पुढे त्याच फ्रेमच्या मागे पाल संसार थाटते.

म्हणून माझी लेक गेल्या वर्षी तापाने गेली, तेव्हा मी तिचा फोटो लावला नाही. भिंतीवर गेलं की माणूस गप्प बसतं, आणि माझी पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. आम्ही दोघी एकाच टेबलावर समोरासमोर काम करायचो आणि दिवसभर एकाच गोष्टीवरून भांडायचो. तिच्या फ्रेमला कोपऱ्यात फट राहायची. पट्टी तिरकी कापताना घाई, दुसरं काय! मी ओरडले की म्हणायची, "कोपरे कोण बघतं गं आई? लोक चेहरा बघतात."

हे भांडण अजून चालू आहे. मी पट्टी कापते, तिला सुनावते, ती उलट बोलते. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघतात. बघू देत. त्यांच्या घरी जिवंत माणसंही एकमेकांशी इतकं बोलत नसतील.

माझ्या धाकट्या नणंदेला मात्र हे बघवत नाही. दुःख कसं आवरायचं ते ती कुठल्याशा शिबिरात शिकून आली आहे, आणि तेव्हापासून कपाट आवरायला घ्यावं तशी माणसं आवरायला घेते. परवा स्टुडिओतून पोरीचा मोठा फोटो करवून घेऊन आली.

"वहिनी, आता तिला मोकळं कर. फ्रेम कर, भिंतीवर लाव. तुझ्याच हाताने."

"मी काय तिला बांधून ठेवलीये?"

"मग तू तरी मोकळी हो. लोक काय काय बोलतात, माहितेय?"

फोटो पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल गुळगुळीत, दात पांढरेशुभ्र, हनुवटीवरची खूण गायब. शाळेत असताना दुकानातली काच उचलायला गेली होती, तेव्हाची खूण ती. ही तर साबणाच्या जाहिरातीतली कुणी शहाणी मुलगी होती. म्हटलं, हिला फ्रेम करायला माझं काय जातं? टांगू दे नणंदेला आपल्या घरी. मी पट्टी कापली आणि चारही कोपरे असे जुळवले की नखसुद्धा शिरू नये.

नणंदेने फ्रेम हातात घेऊन कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "अगंबाई, कोपरे काय सुरेख जुळलेत! जोड दिसतसुद्धा नाही."

मी झटकन टेबलापलीकडे वळले. "ऐकलंस? बघतात लोक कोपरे!"

पलीकडून काही आलं नाही. मी थांबले. एरवी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. जे मरणाला जमलं नाही ते या बयेने एका कौतुकात केलं होतं. माझी पोरगी गप्प झाली होती.

मी फ्रेम हिसकावली, कोपऱ्यात पटाशी घातली आणि पिळली. फट पडली. फार नाही, तिची पडायची तेवढीच.

"अगं, मोडलीस की! वेड लागलंय का तुला?"

"कोपरा सोड. चेहरा बघ."

"वहिनी, पण..."

"बघ म्हणते ना!"

तिने नाइलाजाने पाहिलं. मग फोटो डोळ्यांजवळ नेला. तिचं बोट आपोआप हनुवटीवर गेलं. "इथली खूण कुठे गेली गं?" खूण पुसायला स्टुडिओवाल्याला तिनेच सांगितलं होतं. "ही आपली वाटतच नाही," म्हणाली आणि रडायला लागली. शिबिरात नक्कीच शिकवलं नसेल असं, नाक गळेपर्यंत.

मी टेबलापलीकडे पाहिलं.

"बरं बाई, तुझंच खरं," मी म्हणाले.

नणंदेला वाटलं, तिलाच म्हणाले.