रविवारच्या चढाईआधी

कळंब्याच्या माळावर रविवारी जीपगाड्यांची चढाईची स्पर्धा होती, आणि भैरवीच्या जुन्या जीपनं तीन दिवस आधी दम टाकला. एका सिलिंडरमध्ये दाबच धरेना. भैरवीनं स्वतः इंजिनाचं हेड उतरवलं. व्हॉल्व्ह ज्या कड्यांवर टेकतात, त्या सीट जळून खडबडीत झाल्या होत्या.

नवऱ्यानं, दत्तप्रसादनं, हेड दुसऱ्या गाडीत घातलं आणि दोघं शाहूपुरीतल्या इंजिनकामाच्या एका दुकानात गेले. मालकानं हेडकडं नीट बघितलंही नाही.

"ठेवून जावा ताई, संध्याकाळी न्या."

"व्हॉल्व्ह ज्या नळ्यांत सरकतात, ते गाइड ढिले आहेत का, ते बघाल ना? सीट कापायचं हत्यार गाइडमध्येच उभं राहतं."

"आमच्यावर सोडा की!"

भैरवीनं हेड उचललं आणि सरळ बाहेर आली. "अगं, स्पर्धा तोंडावर आलीय!" दत्तप्रसाद मागून ओरडत राहिला.

उद्यमनगरात विजयसिंहच्या वर्कशॉपमध्ये मात्र वेगळंच घडलं. त्यानं आधी एक व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून बोटानं हलवला. "बघा, डुलतोय. आधी गाइड बदलायचं, मगच सीट. न्हायतर मध्य चुकतोय."

"मी उभी राहून बघितलं तर चालेल?"

"उभं कशाला? खुर्ची देतो की!"

शनिवारी दुपारी सगळ्या सीट कापून झाल्या. व्हॉल्व्ह बसवून विजयसिंहनं हेड उलटं ठेवलं आणि कुठं झिरपतंय का ते बघायला रॉकेल ओतलं. भैरवी श्वास रोखून खाली वाकली. तिला सगळं कोरडं दिसलं. हुश्श करणार, तोच विजयसिंहनं कोपऱ्यातल्या व्हॉल्व्हमागच्या भोकात बोट फिरवलं.

"ओल हाय. माझंच हत्यार तिरकं बसलं. हे असं न्हेऊ नका."

त्यानं पुन्हा हेड मशीनवर चढवलं, पुन्हा कापलं, पुन्हा रॉकेल ओतलं. या वेळी बोट कोरडं निघालं. भैरवीनं आनंदानं दत्तप्रसादच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो कळवळलाच.

रात्रीच हेड परत इंजिनावर चढलं. रविवारी शेवटच्या उभ्या चढावर गाड्या एकामागून एक मागं घसरत होत्या. भैरवीनं गियर टाकला. जीप गुरगुरली, क्षणभर अडली आणि माती उडवत थेट माथ्यावर पोचली! खालून शिट्ट्या, आरोळ्या, नुसता गदारोळ.

तिनं विजयसिंहला फोन लावला आणि तो बॉनेटजवळ धरला. "ऐकू येतंय का?"

"येतंय की!" तिकडून तोही ओरडला. "लगेच बंद करू नका, जरा निवू द्या तिला!"