एका पेल्याला लागलेला पाऊण तास

धाकटीचं ठरलेलं लग्न मोडून पुन्हा त्याच घरी जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटी म्हणजे माझी बहीण. मी तेव्हा एका हॉटेलच्या बारमध्ये पेले धुवायची.

आईचं हृदय कमजोर झालं होतं. एकटीनं उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर धाकटी तिच्यापाशी बसे आणि चारला लॉन्ड्रीतल्या कामावर निघे. माझं काम साडेतीनला सुटे; मी चारच्या ठोक्याला दारात. कधी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर धाकटी दार ओढून निघून जाई. अक्का येतेच आहे, अशी तिची खात्री.

बारवाल्यानं नवीन काही घोळलं की पहिला घोट तो मला द्यायचा. आमच्यात वाचता न येणारी मी एकटीच. बाकीचे बाटलीवरचं नाव वाचून चव सांगतात, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी मी हात पुसून निघालेच होते.

"मावशी, जरा जीभ उसनी द्या."

"घरी ठेवून आले."

"मग बोलताय कशानं?"

त्यानं चार जिनसा सारख्या मापानं घेतल्या: जिन, चेरीची गोड दारू, लिंबाचा रस आणि एक वनौषधींची हिरवीगार दारू. बर्फ घालून डबा खळखळ हलवला, गाळून पेला पुढे सरकवला.

"ही हिरवी मठातले संन्यासी करतात. पाप लागायचं नाही."

"आणि लागलं तर?"

"अर्धं त्यांना, अर्धं मला."

एक घोट घेऊन निघायचं ठरवलं होतं. आधी लिंबू लागलं, मग गोडवा, आणि घोट उतरल्यावर सावकाश पुदिना, बडीशेप, ओलं गवत. शेवटी कसलंसं कडू मूळ. त्याचं नाव आठवेना म्हणून दुसरा घोट घेतला आणि स्टुलावर टेकले. कित्येक महिन्यांत मी बसून काही चाखलं नव्हतं. जेवणसुद्धा उभ्यानंच व्हायचं. मी सांगत गेले, बारवाला वहीत उतरवत गेला. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, हेही गोड लागलं.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. मला अक्षरं येत नव्हती, घड्याळ येत होतं. चार वाजलेले मी पाहिले. पेल्यात बोटभर उरलं होतं. ते चवीनं संपवलं आणि मगच उठले.

पावणेपाचला घरी पोचले. आई स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. पाणी घ्यायला उठली होती.

"किती हाका मारल्या तुला," एवढंच म्हणाली.

धाकटी धावत इस्पितळात आली.

"बस चुकली," मी मान वळवून म्हटलं. तोंडाला वास येत असेल, ही भीती.

"मीच थांबायला हवं होतं, अक्का. तू येईपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझी चूक नाही, असं म्हटलं नाही.

पुढे ती हेच म्हणत राहिली. मुलांना बजावायची, आजारी माणसाला टाकून उंबरा ओलांडू नका, मी ओलांडला होता. तिचा नवरा म्हणायचा, "किती वर्षं तेच उगाळणार?" मी तिथेच बसलेली असायची, खाली मान घालून भाजी निवडत.

म्हातारपणी लिहायला शिकले, तेव्हा वाटलं, तोंडानं होत नाही ते कागदावर होईल. 'धाकटे, बस चुकली नव्हती' इतकं तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. आणखी एक सांगते. त्या पेल्याची आठवण आली की अजून तोंडाला पाणी सुटतं.

आई पडल्यावर नवव्या दिवशी गेली. धाकटी यंदा सतरा फेब्रुवारीला सकाळी गेली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.