नव्या चौकीतली तक्रार

सिनेमासाठी बांधलेली पोलीस चौकी इतकी खरी वाटायला नको होती, हे सगळ्यांना नंतर सुचलं. नंतर काय हो, सगळ्यांना सगळंच सुचतं. बंद पडलेल्या गोदामाचा रस्त्याकडचा भाग घेऊन आर्टवाल्याने आठवडाभर राबून ती उभी केली होती. बाहेर पाटी, दारात वाळूच्या बादल्या, आत लांब लाकडी बाक आणि बाकामागच्या भिंतीवर डोकी टेकून पडलेले तेलकट डाग. हे डाग त्याने ब्रशने काढले होते आणि येईल त्याला कौतुकाने दाखवत होता. कोठडीचे गज तेवढे प्लॅस्टिकच्या पाइपचे, कारण हिरोला ते एका लाथेत तोडायचे होते.

हिरो म्हणजे घुम्या. खरं नाव पोस्टरवर असायचं, पण कामावर सगळे त्याला घुम्याच म्हणत. पडद्यावर लोकांची हसवून मुरकुंडी वळवणारा हा माणूस कॅमेरा बंद झाला की तोंडातून शब्द काढत नसे. उभी हयात त्याने हिरोच्या मित्राची, हिरोइनच्या वेंधळ्या काकाची कामं केली. थपडा खाल्ल्या, चिखलात पडला, जिन्यावरून गडगडला, आणि घरी जाऊन गुपचूप पाठ शेकत बसला. आता पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच सबंध सिनेमा त्याच्या जिवावर उभा राहत होता. हिंदी सिनेमा, मारधाड आणि विनोद, आणि त्यातला लाचखाऊ इन्स्पेक्टर तो. चोराकडून खातो, सावाकडून खातो, शेवटी एका बड्या गुंडाशी गाठ पडते आणि नाइलाजाने चांगला होतो. गोष्ट काही जगावेगळी नव्हती. पण घुम्याच्या बायकोने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं. हा सिनेमा पडला तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

दिग्दर्शक पोरसवदा, हुशार, आणि त्याला एक खोड होती. घुम्याला काही न सांगता तो मध्येच एखादा अनोळखी नट चौकीत सोडायचा. कॅमेरे जाळीच्या खिडक्यांमागे लपवलेले, कधीचे चालू. एकदा एक म्हातारा बकरी घेऊन आला आणि हिला अटक करा म्हणून हटून बसला. एकदा जुळे भाऊ आले आणि एकमेकांविरुद्ध तक्रार देऊ लागले. घुम्याने इन्स्पेक्टर म्हणून सुचेल ते बोलायचं. त्यातून असं काही निघायचं की लेखकाला सात जन्मांत सुचलं नसतं. लेखक बिचारा आपला कोपऱ्यात बसून हसायचा आणि मनातल्या मनात जळायचा.

त्या दिवशी बाहेर जीप उलटवायची होती. उलटायची सोडाच, ती मेली चालूच होईना. दिग्दर्शक वैतागला आणि म्हणाला, तोवर चौकीतलं किरकोळ काम उरकू. घुम्या टेबलामागे बसला. बाकावर वर्दीतले चार हवालदार, म्हणजे रोजंदारीवरचे नट, बसले. कॅमेरे सुरू झाले. रस्त्यावर दोरी धरून लोकांना अडवणारा माणूस जीपला धक्का मारायला गेला होता, आणि नेमकी तेव्हाच ती बाई आत आली.

पस्तिशीची असेल. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, दिवसभर साबणाच्या पाण्यात असतात तशी. दिग्दर्शकाला वाटलं, असिस्टंटने पाठवली. असिस्टंटला वाटलं, दिग्दर्शकाने पाठवली. घुम्याला तर दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. सिनेमा हिंदी, म्हणून तो हिंदीत बोलला, आणि बाईही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागली.

"साहेब, माझा भाऊ हरवलाय."

घुम्याने बूट टेबलावर चढवले. "कुठे ठेवला होता?"

बाकावरचा एक हवालदार फिस्सकन हसला.

"घरात होता," बाई म्हणाली.

"कुलूप नव्हतं लावलं?"

"नव्हतं लावलं," तिने मान खाली घालून कबूल केलं.

आता जाळीमागेही हशा पिकला. आत आणखी पोलीस बसले असतील, असंच तिला वाटलं असणार. घुम्याला चेव आला. त्याने रजिस्टर पुढे ओढलं, कानामागचं पेन काढलं आणि जांभई देत विचारलं, "दिसायला कसा आहे?"

बाईचा चेहरा एकदम उजळला. ती पुढे आली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "उंच आहे साहेब. माझ्याहून उंच. डाव्या भुवईत केस नाहीत, लहानपणी इस्त्री लागली होती. दात जरा पुढे आहेत, म्हणून हसताना तोंडावर हात धरतो. सिनेमाचं फार वेड. एक सोडत नाही."

घुम्या लिहीत होता. म्हणजे हात हलवत होता, कारण पेन नकली होतं. बाई वाकून पाहत होती. "साहेब, पेन चालत नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून स्वतःचं काढून दिलं. "हे चांगलं चालतं."

घुम्याने ते पेन घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिशाला लावलं. "पेनचं झालं. आता शाईचं काय?" आणि अंगठा बोटावर घासला. हवालदार पोट धरून हसू लागले.

तिला कळलं. कळायला काय लागतं. "आज जवळ काही नाही साहेब," असं म्हणून तिने हात कानाकडे नेला. कानातलं बारीकसं सोन्याचं फूल वर्षानुवर्षं काढलेलं नसावं. मागची फिरकी सुटेना. तिने ओढलं. कानाची पाळी लाल झाली, मग रक्ताचा थेंब आला.

तिथे घुम्याला समजलं. नटाला दुखतं तेव्हा तो चेहरा करतो. हिने चेहरा केलाच नाही. साहेबांचं मन फिरेल या धास्तीने ती नुसती त्याच्याकडे बघत होती. उठून उभं राहायचं, कॅमेरे बंद करा म्हणून सांगायचं, एवढंच काम होतं. पण शॉट असा रंगात आला होता की बस्स. जन्मात एकदा हाताशी येतं ते आलं होतं, आणि शेवटचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. त्याने ते फूल तळहातावर घेऊन तोललं.

"एकाच कानातलं? मग भाऊपण अर्धाच सापडेल."

चौकी हसून फुटायची बाकी राहिली. आणि त्या हशात ती बाई दुसऱ्या कानातलं फूल काढू लागली.

दिग्दर्शक टाळ्या पिटत जाळीमागून धावत आला. "कुठून आणली हिला? काय काम करते!" असिस्टंटने दिग्दर्शकाकडे बघितलं, दिग्दर्शकाने असिस्टंटकडे. मग एकेकाचं हसू उतरलं. हवालदार आपापल्या बुटांकडे बघू लागले. बाई अजून कानाशी झटत होती. घुम्याने तिचा हात धरून खाली घेतला आणि म्हणाला, "ताई, राहू द्या." हे मात्र तो मराठीत बोलला.

मेकअपच्या खोलीत तिला बसवून त्याने सगळं सांगितलं. ही चौकी नाही, मी पोलीस नाही, हा सिनेमा आहे. पेन आणि फूल तिच्या हातात परत दिलं. बाईने भिंतीवर टकटक करून पाहिलं. प्लायवूड वाजलं.

"खऱ्या चौकीत कितीदा जाऊन आले," ती म्हणाली. "लिहूनच घेत नाहीत. मोठा मुलगा आहे, येईल म्हणतात. कोणीतरी म्हणालं, इथे नवीन चौकी झालीय. म्हटलं, नवीन आहे तर माणसंही नवी असतील." मग तिने विचारलं, "तो दिसायला कसा आहे, हे तुम्ही विचारलंत. तेसुद्धा खोटंच होतं का?"

घुम्याने मान खाली घातली.

तिला घरी पोचवून तो तडक दिग्दर्शकाकडे गेला. "तो शॉट पुसून टाक."

"दादा, आधी बघा तरी," दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने शॉट लावला. घुम्याने पाहिला. आयुष्यात इतकं चोख काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि ते कळण्याइतका तो कसलेला होता. त्याला स्वतःचीच किळस आली. ते फूल तोलतानाचे आपले डोळे स्पष्ट सांगत होते की बाई खरी आहे हे या माणसाला उमगलंय, आणि तरी तो बोलतोय.

"याच्यावर सिनेमा चालेल, दादा. तुमचा सिनेमा."

"नाही पुसलास तर उद्यापासून मी यायचा नाही."

दिग्दर्शकाने शॉट थांबवला. शेवटी म्हणाला, "त्या बाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर तुमच्यासमोर पुसतो. शब्द देतो." घुम्याने घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "नको म्हणतीलच त्या. दुसरं काय म्हणतील?" आणि ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुम्या बाईला घेऊन खऱ्या चौकीत गेला. तिथल्या साहेबांनी त्याला बघताच खुर्ची दिली, हसले, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि बोलता बोलता तक्रार लिहून घेतली. भुवई, दात, उंची, सगळं. बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "तुम्हाला बघून लिहिलं."

"लिहिलं ना. आता शोधतील."

"हो," ती म्हणाली. तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचाही.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने शॉटचा विषय काढला. म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त नको म्हणा. तुमची थट्टा केलीय मी त्यात. जिथे जिथे सिनेमा लागेल तिथे लोक तुमच्या दुःखाला हसतील. मला ते सोसायचं नाही."

"जिथे जिथे म्हणजे कुठे?"

"सगळीकडे. लहान गावांतसुद्धा."

ती विचारात पडली. मग सांगू लागली. आईबाप गेल्यावर भावाला तिनेच वाढवलं. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून. तो कामावर दांडी मारून सिनेमाला बसायचा. तो गेला त्या दिवशी ती त्याला नको नको ते बोलली. शेवटी म्हणाली होती, जा, थेटरातच जाऊन राहा, मला तोंड दाखवू नकोस. तो हसला नाही, उलट बोलला नाही, चप्पल घालून गेला. "माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे," ती म्हणाली.

"शॉट राहू द्या, भाऊ. पुसू नका."

"ताई, लोक हसतील."

"हसू देत. सगळे हसतील तेव्हा तो नाही हसायचा. मी त्याला शोधतेय, एवढं तरी त्याला दिसेल."

ज्याची घुम्याला लाज वाटत होती, त्यावरच ती आस लावून बसली होती.

सिनेमा लागला आणि चालला, तुफान चालला. लोक रस्त्यात घुम्याला अडवून ते वाक्य म्हणून दाखवू लागले. भाऊपण अर्धाच सापडेल. तो हात जोडायचा आणि वाट काढायचा. बायकोचे नातेवाईक फोन करत होते, निर्माते घरी येत होते. चौकीतून काही खबर नव्हती. भावाचा ठावठिकाणा नव्हता.

एका दुपारच्या खेळाला तो बाईबरोबर गेला. ती रोज जाते, आज या थेटरात तर उद्या त्या, हे त्याला तिच्या शेजारणीने सांगितलं होतं. पुढच्या रांगेतली दोन तिकिटं तिनेच काढली. सिनेमा सुरू झाला. चौकी आली, टेबलावरचे बूट आले, दारातून ती स्वतः आत आली. घुम्याने पडद्यावरची नजर काढून शेजारी पाहिलं.

ती पडद्याकडे पाहतच नव्हती. खुर्चीवर गुडघे टेकून, मागे तोंड करून ती लोकांकडे बघत होती. पडद्याचा उजेड लोकांच्या चेहऱ्यांवर पडला होता आणि ती एकेक चेहरा तपासत होती, रांगेमागून रांग. थेटर हसून हसून लोळत होतं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "मी एकटी सगळ्या चेहऱ्यांना पुरत नाही. उजवीकडचे तुम्ही बघा."

घुम्या खुर्चीवर उलटा वळला. मागून त्याचा स्वतःचा आवाज आला, शाईचं काय. हशा उसळला. इतकी वर्षं ज्या हशावर तो जगला, त्यात आज त्याला फक्त एक माणूस हवा होता, न हसणारा. तो उजवीकडच्या रांगा एकेक करून बघू लागला.