रेजिनाच्या कढईतला पहिला फुगा

रेजिनाच्या हातचे फुगे नसतील तर त्या आळीत लग्नाचं जेवण पुरं होत नसे. अंडी आणि नारळाचं दूध घालून फेटलेलं मैद्याचं पीठ मुठीतून दाबून ती तेलात सोडी, की गोळा टम्म फुगून वर येई. आणि याच रेजिनाची एकुलती लेक, एकोणीस वर्षांची ब्रेंडा, वर्षभर धड जेवत नव्हती. दोन चमचे पेज, अर्धं केळं, झालं जेवण. दंडांच्या काड्या झाल्या होत्या. नवस बोलून झाले, टॉनिकच्या बाटल्या संपल्या, हिल्डामावशीने गुपचूप दृष्टही काढली. शेवटी अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये घरच्या डॉक्टरांनी तिला माणिकपूरला क्षितिजा मॅडमकडे धाडलं.

क्षितिजा मॅडम मनाच्या डॉक्टर. वजनकाटा त्यांनी घरच्या डॉक्टरांवरच सोपवला होता. दर मंगळवारी पाऊण तास त्या ऐकत, मधूनच लहानपणचं काही विचारत. जेवलीस का, हे मात्र कधीच नाही. ब्रेंडा शहाण्या मुलीसारखी सगळं सांगे. बाबा कुवेतला, आई एकटी. कपडे कुठले, कॉलेज कुठलं, भूक किती, सगळं आई ठरवणार. राग नाही येत? छे, आईवर कोण रागावतं! आमची ब्रेंडा कधी उलटून बोलत नाही, असं रेजिना चर्चच्या दारात अभिमानाने सांगे. बोलेल कशाला? तोंड मिटून घेतलं की नकार पोचत होता, फक्त हे खुद्द ब्रेंडालाही ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात मॅडम दोन आठवडे रजेवर गेल्या. त्या परतल्यावर पहिल्याच मंगळवारी ब्रेंडा खुर्चीत बसली आणि एकाएकी म्हणाली, "मला तुमचा भयंकर राग आलाय. मला टाकून गेलात तुम्ही."

बोलली आणि घाबरली. आता मॅडम रडतील, नाहीतर पुन्हा येऊ नकोस म्हणतील. मॅडम होत्या तशाच बसून राहिल्या.

"राग आला, तू बोललीस, आणि दोघी धडधाकट आहोत," त्या म्हणाल्या. "असा राग आणखी कुणाचा येतो?"

ब्रेंडा ढसाढसा रडली. त्या दिवशी घरी जाताना तिच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि तिला त्याची भीती वाटली नाही.

नाताळ उलटल्यावर चुलतभाऊ ऑस्करचं लग्न निघालं. आदल्या सकाळी मांडवात चूल पेटली, रेजिनाने पाट ओढला, तोच ब्रेंडा पुढे आली. आज मी तळणार, म्हणाली. तुला धूर सोसायचा नाही, तू सावलीत बस, असं रेजिना हसून म्हणाली.

"मला काय सोसतं ते मी ठरवीन, आई. माझ्या वतीने तूच बोलतेस, त्याचा मला राग येतो."

मदतीला आलेल्या बायकांचे हात थांबले. ब्रेंडा जागची हलली नाही. रेजिनाचा चेहरा पडला, मग तिने लेकीकडे नीट पाहिलं आणि पाट मोकळा करून दिला.

पहिल्या घाण्यातले फुगे काय वर्णावे! एकाला शेपूट, दुसरा चपटा. आळीचा रिवाज असा, की तळणारीने पहिला फुगा स्वतः खायचा, मगच टोपली पुढे जायची. रिवाज ब्रेंडाला पक्का ठाऊक होता. आठ दिवस त्याचाच विचार करून ती चुलीपुढे आली होती. बायका दुसरीकडे बघायचं सोंग करू लागल्या. तिने फुगा मोडला, अर्धा तोंडात टाकला, चावून गिळला. मग उरलेला अर्धाही.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

पीठ रेजिनाने भिजवलं होतं. वर्षभर लेकीपुढे शब्द जपून टाकणारी रेजिना उसळली. तीस वर्षांत तिच्या पिठात मीठ कमी पडलं नव्हतं म्हणे. मग आज पडलं, ब्रेंडा म्हणाली, आणि खात्रीसाठी दुसरा फुगा मोडला. भांडता भांडता मायलेकींनी तीन फुगे फस्त केले. ब्रेंडाला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मीठ खरंच कमी होतं. रेजिनाने कबूल केलं नाही, नुसतं चिमूटभर टाकलं. "मूठ जरा घट्ट धर," ती डोळे पुसत म्हणाली, "शेपटी येते."

"कळतंय मला," ब्रेंडा म्हणाली आणि पुढचा गोळा तेलात सोडला.